कुत्रीच्या लिव्हरचा आकडा

आबा, आपल्या घरात पुन्हा एकदा लिव्हर हा शब्द आला, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं. घाबरू नका, माणसाचं नाही, कुत्रीचं. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आई पिशोरचं घर बंद करून माझ्याकडे मुकुंदवाडीला राहायला आली. इथं दोन खोल्यांत तिचा जीव रमेना. मग एकदा स्टेशनजवळ सापडलेलं तांबूस पिल्लू तिनं पदरात घालून आणलं. तीच ही कुत्री. आता सात-आठ वर्षांची आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या तोंडाला वास यायला लागला, तेव्हा दात साफ करायला मी तिला दवाखान्यात नेलं. भूल द्यायच्या आधी रक्त तपासतात. संध्याकाळी डॉक्टर मॅडमचा फोन आला, "दात थोडे थांबू द्या. लिव्हरचे आकडे बरेच वाढलेत."

मी म्हणाले, "अहो, पण ती तर ठणठणीत आहे. दोन भाकरी खाते, मांजरामागं धावते." आणि बोलता बोलता तुम्हीच आठवलात. कारण तुमच्याबद्दलही आम्ही हेच म्हणत होतो. त्या चैत्रात तुम्ही लंगडं कोकरू खांद्यावर घेऊन टेकडी उतरलात, दारात बसून ताक प्यायलात, आणि काका म्हणाला, "दादा अजून पोरासारखा हाय." पुढच्या पंधरवड्यात तुमचे डोळे पिवळे झाले. डोक्यावर काविळीची मंतरलेली माळ घातली; माळ लांबली की कावीळ उतरते म्हणायचे, म्हणून ती लांबत गेली तशी आम्हाला आशा वाटत गेली. मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी फक्त विचारलं होतं, आधी कधी रक्त तपासलं नव्हतं का?

मी फोन ठेवला. आई चुलीपुढं बसावं तशी गॅससमोर पाटावर बसून भाकरी थापत होती. तिला सांगितलं तर तिचा हात पिठातच राहिला. "लिव्हर म्हंजी तुझ्या बापाचं तेच का?" मी म्हणाले, तसंच असेल असं नाही. ती रात्रीची जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कुत्रीला टेबलावर घेतलं, हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं. बोलायला सरळ बाई. "बरी दिसते म्हणून सोडून द्यायचं नाही, आणि आकडा वाढला म्हणून लिव्हर गेलं असंही धरायचं नाही. कारण शोधू. पाणी किती पिते?" जास्त पिते, मी म्हणाले, पण ऊन किती आहे. "भूक?" चांगलीच वाढली आहे. "काही गोळी, मलम, कानातले थेंब चालू आहेत?" मी ठामपणे नाही म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं. सोनोग्राफीत लिव्हर थोडं मोठं दिसलं, गाठ मात्र कुठं नव्हती. मॅडम म्हणाल्या, घरात सगळ्यांना एकदा विचारा.

घरात सगळे म्हणजे आईच. मी विचारलं तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून बसली. मग म्हणाली, "म्या देत होते गं. ती खाजेची बारकी गोळी. ह्याच डॉक्टरीननं दिली व्हती की मागं. बंद केली की पुन्हा रातभर खाजवायची, बघवंना. मग रिकामं पाकीट दुकानात दावून आणायची अन् भाकरीत गूळ घालून द्यायची. तुझा बाप कुत्र्यांना असंच औषध द्यायचा." आणि माझ्याकडं वळून विचारलं, "म्याच मारलं का तिला?"

आबा, तुम्ही असता तर काय बोलला असता कोण जाणे. मी आईला रिक्षात घालून थेट मॅडमसमोर नेलं. मॅडम रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून आईजवळ बसल्या. "आजी, तुम्ही सांगितलं हे फार बरं झालं. त्या गोळीनं आकडा वाढतो, भूक वाढते, तहान वाढते. म्हणून ती तुम्हाला खुशाल दिसत होती. पण आता एकदम बंद करायची नाही. मी सांगते तशी कमी कमी करायची." आई म्हणाली, "मंग बरी व्हईल?" "बहुतेक होईल. पुन्हा रक्त तपासून बघू." खाजेसाठी त्यांनी वेगळा शाम्पू दिला, गोचिडांचं औषध दिलं.

पुढचे दोन महिने गोळी आईच द्यायची, पण माझ्यासमोर, तळहातावर दाखवून. आधी अर्धी, मग पाव, मग दिवसाआड, मग बंद. रविवारी दोघी मिळून कुत्रीला अंगणात आंघोळ घालायचो. ती अंग झटकायची आणि आई ओरडायची, "अगं सटवे, लुगडं भिजवलंस सगळं!" तहान हळूहळू कमी झाली. दुसऱ्या तपासणीत आकडे खाली आले होते. अगदी हवे तिथं नाही, पण मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, दिशा बरोबर आहे. पुढच्या वेळी आकडेही जागेवर आले, दातही साफ झाले. घरी येताना आई रिक्षावाल्याला सांगत होती, "लई मोठ्या दुखण्यातून उठली आमची पोरगी." तो बिचारा माझ्याकडंच वळून पाहू लागला.

दोन दिवसांनी आई म्हणाली, "कुत्रीचं झालं. आता आपलं बघू." तुमच्यानंतर इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी कधी रक्त तपासायला दिलं नव्हतं. भीतीच वाटायची. दिलं एकदाचं. आईचं सगळं चांगलं निघालं, माझंही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्यामुळं एक गोष्ट सांगून टाकते. माझा रिपोर्ट उघडताना तोंडून एकदम "आबा" असं मोठ्यानं निघालं. आईनं आतून विचारलं, "कुणाला हाक मारली गं?" मी म्हणाले, "कुत्रीला."