डाव्या डोळ्याचं पाणी

७ जानेवारी १९६९
सकाळी चूळ भरताना पाणी डावीकडून सांडलं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा खाली ओघळलेला. डावा डोळा मिटत नाही, सारखा गळतो. डॉक्टर म्हणाले, फ्लूनंतर कधीकधी चेहऱ्याची नस सुजते, बहुतेकांची बरी होते. मी आठ दिवस धरले.
याच फ्लूने रुख्मिणी गेली. आज पंचवीस दिवस. मी अजून एकदाही रडलो नाही. स्वभावच खंबीर.

९ जानेवारी
शेजारचे भैय्याजी बसायला आले. माझा डोळा पाहून म्हणाले, "रडून घ्या जी भाऊ, मोकळं वाटते." मी म्हटलं, ही नस आहे. "हो जी, नसच असते ते," म्हणाले आणि स्वतःच रडायला लागले. त्यांना चहा करून दिला.

१२ जानेवारी, सकाळी ७
डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम सुरू. गाल फुगवणे, शीळ घालणे, एकेक डोळा मिटणे. प्रत्येकी पन्नास वेळा. आरसा खिडकीत टांगला, तिथे उजेड चांगला. शीळ निघत नाही, नुसती हवा. उद्यापासून शंभर.

१५ जानेवारी
आठ दिवस झाले. चेहरा तसाच. सुट्टीचे दिवस धरायला नको होते.
समोरच्या कांताबाई सकाळी खिडकी लावून घेतात. थंडी असावी.

१८ जानेवारी
शीळ निघाली! चांगली खणखणीत.
संध्याकाळी भैय्याजी आले. म्हणाले, कांताबाई विचारून राहिल्या, बायको जाऊन दीड महिना नाही झाला अन् हा माणूस शिट्या काहून मारून राहिला, डोळे काहून मिचकावून राहिला? "मी सांगून देलं, एकटा पडला बिचारा, होते असं." वर हळूच म्हणाले, कुही गावात त्यांची स्वतःची एक साळी आहे, बायकोची बहीण, विधवा, स्वयंपाक उत्तम.
उद्या कांताबाईंना सगळं नीट समजावणार.

१९ जानेवारी
समजावायला गेलो. आधी जरा हसलो, तर अर्धंच हसू आलं. दार लागलं.

४ फेब्रुवारी
दवाखान्यात आज नवे डॉक्टर होते. डोळे मिटायला लावले, हसायला लावलं. म्हणाले, नस बरी झाली, आता डोळा गळणार नाही. थोडाफार फरक उरला असेल तर तो मिसेसनाच कळेल, घरी त्यांना दाखवा. मी बरं म्हटलं.
घरी आलो आणि डोळे गळायला लागले. दोन्ही. उजव्याला तर कधीच काही झालं नव्हतं. तासभर थांबेनात. नव्या डॉक्टरांचं निदान कच्चं दिसतं.
मग तोंड धुतलं, स्टोव्ह पेटवला आणि भात टाकला.