संध्याकाळचा भुतांचा कार्यक्रम बंद करून शेतीचा परत लावणेबाबत

प्रति,
मा. केंद्र व्यवस्थापक,
खोरं एफएम, घोटावडे,
ता. मुळशी, जि. पुणे.

विषय : ‘सांजसावट’ आजच्या आज बंद करून नथू निवेदकाचा जीव व नोकरी वाचवणेबाबत.
संदर्भ : नथूने आपल्याला तोंडी केलेल्या विनवण्या, ज्यावर आपण हसलात.

महोदय,

१. अर्जदार नथू हा आपल्या केंद्राचा एकुलता एक निवेदक. त्याने पेन दोनदा खाली पाडलं, म्हणून हा अर्ज केंद्राखालच्या पंक्चरवाल्या शेखरने लिहून दिला आहे. घाईमुळे फोटो काढून मोबाईलवर पाठवत आहोत.

२. केंद्र पहिल्यांदा शेतीचं होतं. नथूने भाताच्या करप्यावर भलतंच औषध सांगितलं, तर रिहे गावचे बंडोपंत कोयता घेऊन जिना चढले. पुढं हिंजवडीला हापिसं वाढली, तसं आपण गाणी आणि ट्रॅफिक लावलं. ‘रस्ता मोकळा हाय’ म्हटल्याबरोबर त्याच रस्त्यात अडकलेले सगळे आयटीवाले फोनवर तुटून पडले. मग प्रेमाचा सल्ला आला. ‘बिनधास्त पळून जा’ असं जिला सांगितलं, ती सरपंचांची लेक निघाली. नथू प्रत्येक वेळी घाबरला, हे कबूल. पण तेव्हा घाबरवणारी माणसं जिवंत होती.

३. आता ‘सांजसावट’मध्ये दिवेलागणीला श्रोते फोनवर भुतांचे अनुभव सांगतात. त्यात कासारसाई धरणावरून एक बाई रोज फोन करायची. ‘नथूभाऊ, तुमच्या मागं कोन उभं हाय वो?’ नथू खुर्ची सरकवून पाठ भिंतीला टेकवायचा.

४. ती बाई म्हणजे शेखर. टायरच्या ढिगाआड बसून, नाक दाबून तो आवाज काढायचा. लई मजा यायची. त्याबद्दलची शिक्षा सवडीने करावी.

५. आज फोनची वाट बघणाऱ्या नथूचं घाबरलेलं तोंड समोरून बघायला मिळावं म्हणून शेखर ‘सोबत करतो’ म्हणत स्टुडिओत जाऊन बसला. त्याचा मोबाईल बंद, त्याच्याच हातात. तरी केंद्राचा फोन वाजला. तोच आवाज. ‘शेखरभाऊ, लई दिस माझा आवाज काढला. आज मी आलीया, तर गप का?’

नथूने शेखरची कॉलर धरली. ‘शेकऱ्या, तूच हायेस न्हवं? आरं मेल्या, व्हय म्हन की!’ शेखरला ‘व्हय’ म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. मग दोघं जिना कसा उतरले ते दोघांनाही सांगता येणार नाही.

६. वर कुणीच नव्हतं. खाली चहाच्या टपरीवर रेडिओ चालू होता आणि त्यात ती बाई बोलत होती. ‘मंडळी, नथूभाऊ दमलं. आता मी हाय. फुडचा फोन कुनाचा?’ आणि महोदय, लोक फोन करत होते.

७. तरी शेतीचा कार्यक्रम परत लावावा. नथू खताची नावं पाठ करील, कुणाचाही मार खाईल, पण त्या खुर्चीत बसणार नाही. आणि बसला नाही म्हणून त्याला काढू नये.

८. आत्ताच आपला मेसेज आला : ‘नवी बाई झकास! उद्याच घरी भेटायला पाठव.’ महोदय, कार्यक्रम संपवताना ती म्हणाली, ‘साहेबांनी बोलावलंय, निघते मी.’ तेव्हा आपला मेसेज आलाही नव्हता. आम्ही तिला पाठवलेली नाही, एवढी नोंद असावी.

आपले, टपरीच्या दिव्याखालून न हललेले,
नथू (अंगठा)
शेखर (सही)
घोटावडे, दि. ९/१२/२०२४