नलूच्या कमरेवरची जखम

वर्धा, १२ मार्च १९८३

प्रिय प्रभाकर,

तुझ्या बायकोच्या कमरेवरची जखम कर्करोगाची निघाली, म्हणून लिहिते आहे. लुगडं वर्षानुवर्षं एकाच जागी आवळून कातडी घासली, की क्वचित असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ती दाखवायला लाजली आणि मी, पदवीधर बाई, न पाहताच दोन वर्षं गजकर्णाचं मलम देत राहिले.

नलू म्हणाली, "त्याईले कळवू नका, आक्का. नोकरी सोडून धावत येतीन." म्हणून हे पत्र टाकणार नाही. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर नवऱ्याच्या जागी सही मी केली.

आज ऑपरेशन. सिस्टर बांगड्या फोडायला निघाली, तर नलू म्हणाली, "फोडाल त मी उठून घरी जाईन!" मग साबण लावून एकेक उतरवली.

माझ्या ताब्यात दिलं: मंगळसूत्र एक, जोडवी दोन, हिरव्या बांगड्या बारा, सगळ्या अख्ख्या.

तुझी,
कुसुमआक्का