निळ्या रंगावर टेकलेलं बोट

अप्पा,

तुम्ही मला जावई असं तोंडाने कधी म्हटलं नाहीत, त्यामुळे मीही इथे तीर्थरूप, शिरसाष्टांग वगैरे काही लिहीत नाही. तुमची मुलगी तुम्हाला अप्पा म्हणते, घरात उठता-बसता म्हणते, तेवढ्याच ओळखीवर लिहितो आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की ज्याच्या बारशाला तुम्ही आला होतात त्याच्या कानांवरचे केस आता पिकायला लागलेत. आणि मी अजून तुमच्यावर रागावलेला आहे. माणूस गेला की राग सोडून द्यावा असं लोक सांगतात. सांगू देत. तुम्ही होतात तेव्हा मला बोलायला जागा ठेवली नाहीत, मग मी बोलायचं तरी कधी? दुपारची वेळ आहे, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंय, नाक्यावर दोन रिक्षावाले आडव्या लावलेल्या गाडीवरून भांडताहेत, आणि मला थोडा वेळ तरी कोणी विचारणार नाही.

मी मुरुडला तुमच्याकडे आलो तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. पहिल्या एसटीने रत्नागिरीहून दापोली, तिथून मुरुड. अंगात इस्त्रीचा शर्ट, नखांत मात्र ग्रीस. रॉकेलने कितीही घासलं तरी ते पूर्ण जात नाही. तेव्हा हे दुकान नव्हतं, दुसऱ्याच्या सायकल दुकानात मी पंक्चर काढत होतो. तुमची मुलगी कॉलेजसाठी रत्नागिरीत मावशीकडे राहायची आणि तुम्ही एसटीच्या टपावर टाकून पाठवलेल्या सायकलवरून जायची-यायची. त्या सायकलचं चेनकव्हर घासायचं. ती वरच्या उताराला लागली की मला दुकानात बसून ऐकू यायचं, खर्र-टिक, खर्र-टिक, आणि मी हात पुसून उभा राहायचो. पकडीने जरा वाकवलं की मिटणारं काम, पण वर्षभर मी त्याला हात लावला नाही. तर असा मी तुमच्या ओटीवर, सतरंजीच्या कडेला टेकलेलो. तुम्ही वागायला वाईट नव्हतात, खोटं कशाला सांगू? चहा दिलात, पोह्यांवर ओलं खोबरं होतं. मग आत जाऊन नकाशांचं ते जाडजूड पुस्तक आणलंत, वर्गात पोरांपुढे उघडायचात तसं माझ्यापुढे उघडलंत आणि म्हणालात, ‘‘बेल्जियम दाखवा बघू.’’

बेल्जियम! मुलगी मागायला आलेल्या माणसाला! पगार विचारायचा, घर स्वतःचं की भाड्याचं ते विचारायचं, मासे खाता का म्हणून विचारायचं, तेही मी मोकळेपणी सांगितलं असतं. बेल्जियम कशाला? शाळा मी सातवीत सोडलेली, तीही आवडत नव्हती म्हणून नव्हे. पानभर रंगीबेरंगी ठिगळं दिसत होती, दारामागे तुमची मुलगी उभी होती हे तिच्या बांगड्यांवरून कळत होतं, आणि मी आपलं अंदाजाने बोट टेकवलं. तुम्ही चष्मा वर सरकवलात. ‘‘अहो,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘तुमचं बोट समुद्रात आहे.’’

तेवढ्यावर थांबला असतात तरी मी गिळलं असतं. पण कान माझे पहिल्यापासून तिखट. मी अंगणात चपलांत पाय घालत होतो आणि तुम्ही स्वयंपाकघरात सासूबाईंना हळूच सांगत होतात, ‘‘बोट समुद्रात ठेवणारा माणूस. हा आपल्या पोरीला बुडवील हो.’’ मग पातेल्यावर झाकण पडल्याचा आवाज आला. ते झाकण मला आजही ऐकू येतं. पुढे मी भाड्याच्या सायकली घेतल्या, मग मोपेड, मग स्कूटरची एजन्सी, तिसऱ्या दुकानाचं उद्घाटन झालं, आणि नारळ फुटला त्या आवाजातसुद्धा मला ते झाकण ऐकू आलं. नक्की कशाच्या जोरावर एवढा धावलो असं कोणी विचारलं तर मी मेहनत, सचोटी असं काहीबाही सांगतो. खरं उत्तर ते झाकण आहे.

लग्नाला तुम्ही आला नाहीत. बारशाला आलात, पाळण्यात नातवाच्या उशाशी तेच नकाशांचं पुस्तक ठेवलंत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘‘ह्याला पुढे लागेल. तोवर घरात कोणाला लागलं तर बघावं.’’ घरात कोणाला! मी तिथेच पेढ्यांचं ताट धरून उभा होतो. त्यानंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत, म्हणजे जगात. माझा हिशेब तसाच राहिला.

‘बुडवील’ हे तुमच्या मुलीला मी कधी सांगितलं नाही. ‘बोट समुद्रात’ तिला माहीत आहे, तिने ते दारामागून ऐकलं होतं आणि आजवर त्यावर हसते. पुढचं मात्र फक्त मला, तुम्हाला आणि सासूबाईंना ठाऊक. मोठ्या मनाने गप्प राहिलो असं समजू नका. चांगला माल बाजार बघून काढायचा, तसं ते मी राखून ठेवलं होतं. मनात ठरवलेलं, की एक दिवस तिला अशा ठिकाणी नेईन की बोलायला तोंड राहणार नाही तुम्हाला, आणि तिथे उभं राहून सांगेन, बघ, तुझे अप्पा हे म्हणाले होते.

आणि मुलगा नोकरीला गेला तो नेमका बेल्जियमला! यंदा मे महिन्यात त्याने आम्हाला बोलावून घेतलं. तो कामावर गेला की आम्ही दोघं रिकामे. एका सकाळी ब्रूज नावाच्या जुन्या गावात उतरलो आणि दोन सायकली भाड्याने घेतल्या. आयुष्यभर मी सायकली भाड्याने दिल्या अप्पा, घेतली ती पहिल्यांदा. सवयीने मागचं चाक उचलून फिरवलं, तारा वाजवून बघितल्या. दुकानाची मालकीण कमरेवर हात ठेवून बघत राहिली. ‘‘अहो, सोडा,’’ तुमची मुलगी म्हणाली, ‘‘तुमचं दुकान नाही हे.’’ आणि मग माझीच फजिती. त्या सायकलला हँडलवर ब्रेकच नव्हता, उलटं पेडल मारायचं की थांबते. मी सवयीने मूठ आवळली, हाताला काही लागेना, थेट फुलांच्या कुंडीला धडकलो. ती मात्र वयाची साठी ओलांडलेली बाई, गुडघ्याला पट्टा, पंजाबी ड्रेसवर पोराचं जाकीट, आणि अशी सरळ निघाली की जणू कालच कॉलेजातून सुटली आहे.

कालव्याच्या काठाने रस्ता. दोन्ही बाजूंना उंच झाडं, वाऱ्याने सगळी एकाच अंगाला कललेली. चढ नाही, उतार नाही, कुठे नावाला घाटी नाही. मी म्हटलं, ‘‘इथल्या सायकलवाल्याचं पोट भरतं कशावर? आपल्याकडे एका पावसाळ्यात ब्रेकची रबरं खलास होतात.’’ तिचं लक्षच नव्हतं. ‘‘अप्पा सांगायचे हे असंच,’’ ती म्हणाली. तिथून जे सुरू झालं ते दिवसभर. पवनचक्की दिसली, अप्पांनी फळ्यावर काढली होती. चर्चचा मनोरा दिसला, अप्पा म्हणायचे की तिथे सपाटीमुळे मनोरे लांबून दिसतात. विटांची घरं, अप्पा. हंस, अप्पा. सायकल मी भाड्याने घेतलेली, तिकीट पोराचं, पेडल ज्याचं त्याचं, आणि माझी बायको सहलीला आली होती तुमच्याबरोबर! तुम्ही स्वतः दापोलीच्या पलीकडे फार तर मुंबई पाहिलेली. न पाहिलेल्या गावांची एवढी खडान्‌खडा वर्णनं करायची आणि जो माणूस तिथे घेऊन जातो त्याला म्हणायचं बुडवील, याला काय म्हणावं तुम्हीच सांगा.

मग दाम नावाचं गाव आलं. आपल्या बाजारपेठेएवढंदेखील नाही, पण मधोमध कोरीव दगडी कचेरी, देवळासारखी. सायकली झाडाला टेकवल्या. तिने तिथली पाटी वाचली आणि मला सांगायला लागली, की हे एकेकाळचं मोठं बंदर. ब्रूजचा सगळा माल इथे उतरायचा. मग खाडी गाळाने भरत गेली, समुद्र मागे हटला, व्यापार गेला, गाव राहिलं. ‘‘अप्पा मला दाभोळला घेऊन गेले होते,’’ ती म्हणाली, ‘‘खाडीच्या तोंडाशी उभं करून सांगितलं होतं, की इथे जगभरची गलबतं लागायची, आणि असंच एक गाव तिकडे बेल्जियमात आहे. ते हेच.’’ चारी बाजूंना गव्हाची शेतं होती, गाई चरत होत्या, पाण्याचा मागमूस नाही.

मी म्हटलं, ‘‘थांब. म्हणजे हा सगळा समुद्र होता?’’

‘‘समुद्राचा फाटा. हो.’’

‘‘आणि हे बेल्जियमच ना?’’

‘‘बेल्जियमच. का हो?’’

‘‘मग माझं बोट बरोबर होतं!’’

तिला क्षणभर कळेना. मग कळलं तशी ती त्या कचेरीच्या पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मी नव्हतो हसत. मी पोटतिडकीने सांगत होतो, की तुझ्या अप्पांनी नकाशाची कुठली आवृत्ती आणली होती कोणास ठाऊक, मी जुनी बघत होतो, मी चुकलो नव्हतो, जरा उशिरा पोचलो होतो. ‘‘अहो पुरे, माझ्या पोटात दुखतंय,’’ ती म्हणाली. बाजूच्या बाकावरचं एक म्हातारं जोडपं आमच्याकडे बघून उगाचच हसायला लागलं.

सीमा ओलांडून हॉलंडमधल्या स्लाऊस गावात आम्ही जेवायला थांबलो. सीमा म्हणजे काय, रस्त्याच्या कडेला एक पाटी. आपल्याकडे दोन ग्रामपंचायतींच्या हद्दीवर याहून जास्त गडबड असते. आपल्या घावनासारखं, पण गोड आणि ताटाएवढं काहीतरी मागवलं. समोर जुनी पवनचक्की फिरत होती. ती खूश, मी जिंकलेला, आणि याहून चांगला बाजार पुन्हा मिळणार नव्हता. मी काटा खाली ठेवून म्हटलं, ‘‘तुला एक सांगायचंय. त्या दिवशी मी चपला घालत होतो, तेव्हा तुझे अप्पा आत...’’

‘‘अप्पांचं काय सांगता!’’ तिने मला मध्येच तोडलं. ‘‘मला तर चक्क खोटं सांगायचे.’’ आणि तिने मला मुरुडच्या वाळूची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. ओहोटीला वाळू घट्ट झाली की तुम्ही तिला सायकलवर बसवायचात, धोतर खोचून मागे धावायचात, ‘‘धरलंय गो, धरलंय, पुढे बघ!’’ ती चालवत राहिली, मागून आवाज येत राहिला, मग थांबून वळून पाहते तर तुम्ही लांब, सुरूच्या झाडांपाशी उभे, तोंडापुढे हात धरून ओरडताय. वाळूवर चाकाची रेघ तिच्यापर्यंत आलेली आणि तुमची पावलं मध्येच कुठेतरी संपलेली. ‘‘इतका राग आला होता मला,’’ ती म्हणाली. ‘‘पण गंमत बघा, अजूनही काही अवघड आलं की मला वाटतं मागून कोणीतरी धरलंय. नाहीतर अप्पा नको म्हणत असताना तुमच्याबरोबर यायचं धाडस झालं असतं काय मला?’’

म्हणजे इथेही तुम्हीच! माझं अख्खं आयुष्य तुम्हाला खोटं पाडण्यात गेलं, आणि ती माझ्याबरोबर आली ती तुम्ही दिलेल्या धीरावर! तुम्हीच नाही म्हणायचं आणि तुम्हीच तिला नाही न ऐकण्याइतकी पक्की करून ठेवायचं. धंद्यात असा माणूस भेटला असता तर मी त्याच्याशी पुन्हा व्यवहार केला नसता. ‘‘तुम्ही काय सांगत होतात?’’ तिने विचारलं. ‘‘काही नाही,’’ मी म्हटलं, ‘‘पोह्यांवर ओलं खोबरं होतं, ते आठवलं.’’

परतताना वारा समोरून. ती थकली होती, मीही. ब्रूजमध्ये शिरताना एक छोटा कमानीचा पूल लागतो, आपल्या जांभ्या चिऱ्यासारखा खडबडीत नव्हे, काळ्या दगडांचा, झिजून गुळगुळीत झालेला. ती पुढे, मी मागे. वरून घोडागाडी आली, ती कडेला सरकली आणि तिचं पुढचं चाक दगडांच्या फटीत लटपटायला लागलं. एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला बुटका कठडा आणि खाली पाणी. मला तुमचं ते वाक्य आठवलं, खरंच आठवलं. माझे दोन्ही हात माझ्याच हँडलवर होते, तिच्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता. तोंडातून आपोआप निघालं, ‘‘धरलंय गो! धरलंय! पुढे बघ!’’

तिने मान वळवली नाही. पाठ सरळ झाली, चाक सरळ झालं, आणि पेडल मारत ती ओरडली, ‘‘सोडू नका हां, अप्पा!’’

पूल उतरून ती थांबली, चष्मा पुसला, म्हणाली, ‘‘वाचले बाई.’’ आपण काय म्हटलं ते तिला आठवतही नाही. मी विचारलं नाही, सांगितलंही नाही. हा कागदही घरी न्यायचा नाही, इथेच फाडून टाकीन, कारण ह्यात तुमचा तो एक शब्द आलाय आणि तो तिने वाचता कामा नये. तुमच्यावर मेहेरबानी म्हणून नव्हे, समजून असा. राग माझा जागच्या जागी आहे, बारशाचासुद्धा.

फक्त एवढंच, की पुलावर तिने अप्पा म्हणून हाक मारली, तेव्हा मी ओ दिली.