आईच्या बेलची वायर

सलिल,

मी वागळे इस्टेटला ऑफिसला निघालेय. आईच्या गुडघ्याला बर्फ लाव आणि बाथरूमला नेताना तिला धरून ने.

काल आई एकटी उठायला गेली आणि पडली, तेव्हा तू तिलाच झापलंस, "बेल का नाही वाजवलीस?" तिने दाबली होती रे, वाजली नाही. संध्याकाळी तू बाहेर गेल्यावर मी बटण उघडून बघितलं. बाबांनी तिच्या पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत टाकलेली जाड तांब्याची वायर गायब. तिच्या जागी तुझी ती बारीक, स्वस्तातली. आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा, आणि स्क्रूखाली तुटलेली.

ही वायर स्क्रूखाली तुटते हे मला तूच सांगितलंयस, महिनाभर, जेवताना. म्हणून तर तुझ्या स्पीकरला अस्सल तांबंच हवं होतं ना? सेलवर चालणाऱ्या बेलला जाड वायर कशाला, हा तुझा हिशेब बरोबर आहे. फक्त त्यात आई धरायची राहिली. तुझ्या बासला तांबं आणि आईला मुलामा. वा रे वा!

स्पीकरच्या केबल शोधत बसू नकोस. मी त्या कापून पुन्हा आईच्या बटणाला जोडल्यात. लांबी पुरली, म्हणून बेल स्वयंपाकघरातून काढून तुझ्या उशाशी ठोकलीय.

आईला सांगून ठेवलंय, काही नको असलं तरी मधूनमधून दाबून बघत जा.

ताई