चुरडामुरड्याला टॉनिक

ती. दादास, हैदराबादहून शालनचा दुरूनच वाकून नमस्कार.

आमच्या प्रयोगशाळेच्या कँटीनने चहाचा कप अंगठ्याएवढा केला, या अन्यायाची इतिहासाने नोंद घ्यावी. बाकी मी खुशाल. वहिनीचा गुडघा कसा आहे?

मिरचीवर चुरडामुरडा आला आणि तू म्हणे टॉनिक मारलंस! दुकानदार म्हणाला, "झाडात ताकद आली की रोग पळतोय बघा." धन्य तो! अरे, हा रोग विषाणूचा, आणि तो इतका दळभद्री, की स्वतःचं पोरसुद्धा त्याला स्वतः जन्माला घालता येत नाही. पेशीत शिरतो, झाडाचे हुकूम दाबतो आणि तिथल्याच यंत्रणेकडून स्वतःच्या नकला काढून घेतो. सोसायटीत उपरा चेअरमन घुसला, की कारकून फक्त त्याचेच कागद टाइप करतात, तसंच. ताकद तू झाडाला देतोस, खातो तो.

ती झाडं आता सुधारत नाहीत. पांढरी माशी हा रोग शेजारी साखरकाकूंच्या वावरात नेईल, आणि त्यांचं सगळं वर्ष मिरचीवरच आहे. उपटून पुरून टाक.

लगडलेलं झाड उपटताना तुझा हात धजणार नाही, ठाऊक आहे. माझं घर हलवताना तू दोन दिवस खपलास, ती सावड फेडायची राहिली आहे. पुढच्या शनिवारी केंदूरला येते. पहिली सरी मी उपटीन.

तुझी,
शालन