मी हात केला म्हणून

बाबा, आज लालबागला पुलाखालच्या चौकात माझ्या गाडीसमोर एक आजी पडल्या. घरी आले आणि आधी हा कागद लिहायला घेतला.

सिग्नल बंद होता, नुसता पिवळा दिवा लुकलुकत होता. मी वेग कमी केला, थांबले. उजवीकडे दुभाजकावर त्या भाजीची पिशवी घेऊन ताटकळत होत्या. मी काचेतून हात केला, जा म्हणून. त्या हसल्या आणि निघाल्या, रस्त्याकडे नाही, माझ्याकडे बघत. तेवढ्यात फुटपाथ आणि माझी गाडी यांच्यामधून एक मोटारसायकल सुसाट आली. फार मोठा आवाजही झाला नाही. गवारीच्या शेंगा तेवढ्या माझ्या बॉनेटवर येऊन पडल्या.

लोक जमले. एकाने मोटारसायकलवाल्याची कॉलर धरली, मॅडम थांबल्या ते तुला दिसलं नाही का, म्हणून. सगळे माझ्या बाजूने. मी आजींना उठवायला वाकले. मनगट भलतीकडेच वळलं होतं. त्या रागावल्या नव्हत्या, नुसतं सांगावं तसं म्हणाल्या, "तू हात केलंस म्हणान मी इलंय गो."

मी त्यांना हॉस्पिटलात नेलं. हाड मोडलंय, बाकी ठीक आहे. मुलगा आला, त्याने माझेच आभार मानले.

आणि मग आठवला दादरचा तो रविवार. तुम्ही मला गाडी शिकवताय, आई मागे बसलीय. कडेला एक म्हातारे गृहस्थ उभे आहेत. मी थांबते, त्यांना हात करते, आणि तुम्ही माझा हात धरून खाली दाबता.

"थांबायचं. बोलवायचं नाही. मागचा थांबलाय हे तुला कुणी सांगितलं?"

आई म्हणाली, अहो, साधं या म्हणाली पोरगी, तुम्ही गाडीत बसलात की पुतळाच होता. मीही हसले. मला तो तुमचा तुसडेपणा वाटला होता. थांबणं चांगलं, आणि हात करून वाट देणं त्याहून चांगलं, असंच मी इतकी वर्षं धरून चालले.

पण तुम्ही तुसडे कुठे होतात? फणसवाडीला आपल्या घराच्या जिन्यात कुणीही भेटलं तरी भिंतीला चिकटून उभे राहायचात, या, या म्हणत. मग फक्त रस्त्यावरच तो हात का आवरलात? गाडी शिकवणारे असं काही शिकवत नाहीत. मी जन्मायच्या आधी, कुठल्यातरी चौकात, तुम्ही केलेल्या हातावर विसंबून कुणी निघालं होतं का?

हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून विचारलं. उत्तर द्यायला तुम्ही नाही आहात, आणि खरं सांगते, आज मला त्याचं थोडं बरं वाटलं.